फक्त माझ्यासमोर बंद पडणारा कॉम्प्युटर

कॉम्प्युटर विकत घ्यायचा नसतो, आपला आपण जोडायचा असतो, असं माझ्या नवऱ्याचं ठाम मत आहे. हे मत त्याचं सोफ्यावर आडवं पडून मोबाइलवर व्हिडिओ बघता बघता झालं. त्याआधी त्याने आयुष्यात जोडलेली सगळ्यात अवघड वस्तू म्हणजे बाल्कनीतली कपडे वाळत घालायची दोरी, आणि तीसुद्धा माझ्या धुतलेल्या चादरींसकट खालच्या मजल्यावर उतरली होती.

पण कॉम्प्युटर मला हवा होता, म्हणून मी तोंड बंद ठेवलं. पनवेल स्टेशनजवळच्या एका इंटिरियरवाल्याच्या ऑफिसात मी कित्येक वर्षं लोकांची स्वयंपाकघरं काढली. ओटा मी काढायचा, फडताळं मी काढायची आणि खाली नाव साहेबांचं. शेवटी नोकरी सोडली. म्हटलं, आता घरून काम करीन आणि खाली नाव माझं टाकीन. पहिलं काम तर चालतच आलं. मुंबईची नोकरी संपवून आलेल्या एक बाई आपट्याला नदीकाठी घर बांधत होत्या. त्यांना सगळं आधी चित्रात बघायचं होतं. ओट्यावर सकाळचं ऊन कसं पडेल, देवघराचं लाकूड कसं दिसेल, अगदी फोटो काढल्यासारखं. संक्रांतीनंतरच्या सोमवारी त्यांच्याकडे सुतार येणार होता. तोवर चित्रं पोचली तर काम माझं, नाहीतर सुताराच्या ओळखीतला एक माणूस तयारच होता. हे त्यांनी मला इतक्या गोड आवाजात सांगितलं की फोन ठेवल्यावर मला घाम फुटला.

अशी चित्रं तयार करायची तर कॉम्प्युटरला तासन् तास जीव तोडून राबावं लागतं. माझा जुना लॅपटॉप एवढ्याशा खुर्चीची सावली काढतानाच धापा टाकायचा. म्हणून मग हा नवा.

नवरा जासईला कंटेनरच्या एका गोदामात कागदपत्रं बघतो. आलेला माल तपासून घ्यायची सवय त्याच्या हाडात आहे. प्रत्येक खोका उघडताना त्याने मला शेजारी उभं केलं आणि "सील बघ, सील," असं दरडावून सांगितलं. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरली. पंखे, तारा, स्क्रू, माझ्या मिक्सरच्या भांड्याएवढा एक चौकोनी डबा, असं काय काय बाहेर आलं. आई हळदकुंकवाची कुयरी घेऊन आल्या आणि आतल्या हिरव्या पाटीला बोट लावायला गेल्या, तेव्हा नवऱ्याने जी किंकाळी फोडली ती समोरच्या बिल्डिंगमध्ये ऐकू गेली असेल. शेवटी समझोता झाला. कुंकवाचं स्वस्तिक कॉम्प्युटरच्या पेटीवर बाहेरून काढायचं आणि नारळ बाल्कनीत फोडायचा. संध्याकाळी कॉम्प्युटर चालू झाला. नवऱ्याचा चेहरा असा, की जणू त्याने कर्नाळ्याच्या सुळक्यावर झेंडा लावला.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. कर्नाळ्याच्या पायथ्याच्या एका गावातून त्या लग्न होऊन पनवेलला आल्या. इतकी वर्षं इथे काढली, पण 'आमी-तुमी'त एक 'ह' काही त्यांनी घुसू दिला नाही. घरातल्या दोन गोष्टी त्यांच्या हातात आहेत आणि त्यात कुणी बोललेलं त्यांना चालत नाही. एक म्हणजे कव्हरं, दुसरी वाल.

कव्हरांचं कारण धूळ. आमच्यासमोर कायम काहीतरी बांधकाम चालू असतं. सकाळी पुसलेल्या टीपॉयवर दुपारी बोटाने नाव लिहावं अशी परिस्थिती. म्हणून मिक्सरला कव्हर, वॉशिंग मशीनला कव्हर, गॅसच्या सिलिंडरला झालरीचं कव्हर. टीव्हीलाही आहे. टीव्ही बघताना आम्ही फक्त पुढचा पडदा उचलून वर टाकतो, मागून तो बिचारा झाकलेलाच असतो. नव्या कॉम्प्युटरला आईंनी त्यांच्या जुन्या निळ्या साडीचं कव्हर शिवलं, कडेने पांढरी पायपिंग वगैरे लावून. तेही तसंच. काम करताना पुढचा पडदा वर, बाकी मशीन साडीत. मला ते मनापासून आवडलं. माझ्या कामाच्या वस्तूसाठी घरात कुणी काही शिवलं, असं पहिल्यांदाच होत होतं.

आणि वाल. आईंच्या भावाने शेतातल्या वालांची गोण पाठवली होती, त्यामुळे त्या दिवसांत आमच्याकडे आठवड्यातून दोन-तीनदा बिरडं. आता ज्यांनी कधी बिरडं केलं नाही त्यांना सांगते, वाल भिजवून, फडक्यात घट्ट बांधून उबेला ठेवायचे, मग मोड येतात, आणि ते सोलून उसळ केली की बिरडं. थंडीत त्यांचे फार नखरे. म्हणून आईंची पुरचुंडी घरात ऊब शोधत फिरत असते. पूर्वी ती फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर असायची, मग टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सवर गेली आणि आता तिला कॉम्प्युटरचं डोकं सापडलं. पाणी गळू नये म्हणून खाली स्टीलची थाळी, ऊब जाऊ नये म्हणून वरून कव्हर. मोड असे आले, की आईंनी थाळी मला आणून दाखवली.

"गो, तुजा कंप्युटर गुणाचा हाय," त्या म्हणाल्या. मी खूश झाले. आईंनी माझ्या कुठल्याही वस्तूला आजवर गुणाचं म्हटलं नव्हतं.

तो पहिल्यांदा बंद पडला तेव्हा मी आपट्याच्या ओट्यावर ऊन पाडत होते. पडदा काळा. आवाज नाही, सूचना नाही, काही नाही. सकाळपासूनचं चित्र गेलं ते गेलंच. आई खाली बसून लसूण सोलत होत्या. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाल्या, "लाइट गेली काय?" पंखा तर डोक्यावर फिरत होता.

संध्याकाळी नवरा आला. त्याने कव्हर काढून खुर्चीवर टाकलं, वरची थाळी उचलून "आई, हे तुझं घे," म्हणून आईंच्या हातात दिली, बाजूचा पत्रा काढला आणि मशीन चालू केलं. चालू झालं. त्याने एक अवघड तपासणी लावून दिली. मशीन तासभर ढिम्म हललं नाही. आईंनी तोवर वाल सोलून बिरडं टाकलं होतं.

नवऱ्याने माझ्याकडे वळून विचारलं, "तू काय दाबलं होतंस?"

हे वाक्य पुढचे बरेच दिवस मी रोज ऐकलं. मी काही दाबलं नव्हतं. दाबण्यासारखं जे होतं ते सोफ्यावर बसलेलं होतं, पण मी संस्कारी बाई.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा बंद पडला. नवऱ्याने संध्याकाळी पुन्हा थाळी आईंच्या हातात दिली, पत्रा काढला, आतली मेमरीची पट्टी उपसली आणि शाळेतल्या खोडरबराने घासून परत बसवली. चालू झालं. "संपला विषय," तो म्हणाला. मधले दोन दिवस तो खरंच नीट चालला. मग आईंनी पुढचे वाल बांधले आणि तो परत बंद पडला. अर्थात हे 'मग' मी आत्ता लिहिते आहे. तेव्हा माझ्या डोक्यात वाल एका कप्प्यात होते आणि कॉम्प्युटर दुसऱ्या. पुरचुंडी मला रोज दिसत होती, पण घरात पुरचुंडी दिसणारच, त्यात बघायचं काय?

मग नवऱ्याने प्रोसेसरवरचा पंखा काढला, खालची करड्या रंगाची पेस्ट पुसली आणि नवी लावली. तो सँडविचला चटणी लावतो तेव्हा मी जशी नजर ठेवते, तशीच त्याने मला इथेही ठेवायला लावली. पुढे त्याने अख्खं विंडोज उडवून नव्याने टाकलं. प्रत्येक वेळी त्याच्यासमोर मशीन गुणी बाळासारखं चालायचं आणि प्रत्येक वेळी तो मला तोच प्रश्न विचारायचा. मीही संध्याकाळी करून बघितलं असतं, पण संध्याकाळी मी ओट्यापाशी असायचे. काढलेल्या नाही, खऱ्या.

मग खालचे चाचा झाले. आमच्या बिल्डिंगखाली त्यांचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. उमेदीची वर्षं त्यांनी आखातात काढली आणि त्यामुळे पनवेलच्या विजेबद्दल त्यांच्या मनात जराही आदर नाही. ते वर आले तेव्हा पाहुणे आले म्हणून आईंनी घाईने कव्हर काढलं, थाळी आत नेली आणि वाल फोडणीला टाकले.

चाचांनी सॉकेटमध्ये टेस्टर घालून बघितला, मान हलवली. "बेटा, कसूर मशीनचा नाय. करंटचा हाय. इथला करंट बेइमान. तिथं दुबईत रात्रंदिवस एसी चालायचा, काय मजाल हाय वोल्टेज हलंल." तोवर मशीन त्यांच्यासमोर सुरळीत चालत होतं. ते त्यांनाही थोडं खटकलं. "माशाअल्ला, आत्ता तर तंदुरुस्त दिसतोय," ते म्हणाले, एक जाडजूड स्टॅबिलायझर लावून गेले आणि बिरड्याची वाटी दोनदा मागून घेतली. आईंनी नव्या स्टॅबिलायझरलाही हात लावून बघितला. तो गार होता, त्यामुळे तो त्यांच्या कामाचा नव्हता.

दोन दिवसांनी मशीन परत काळं झालं. आपट्याच्या बाईंचा फोन आला, "होतंय ना सगळं वेळेत?" मी म्हटलं, "हो हो, अगदी शेवटचा हात फिरवतेय." त्या वेळी माझ्याकडे दाखवायला अर्धा ओटा आणि एक नळ होता.

सुतार यायचा त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, नवऱ्याने शेवटचा उपाय आणला, ऑफिसातला त्याचा मित्र. ऑफिसात प्रिंटर अडकला की याला बोलावतात, त्यामुळे त्याला सगळ्या यंत्रांतलं कळतं अशी त्याची आणि माझ्या नवऱ्याची समजूत होती. आईंनी रीतीप्रमाणे पाहुण्यासाठी कव्हर काढलं, थाळी स्वयंपाकघरात नेली. मित्राने दोन मिनिटं पंख्याचा आवाज ऐकला, मग हसून म्हणाला, "वहिनी, तुम्ही कसं काम करता ते जरा करून दाखवा बघू."

मी बसले. तोंडी परीक्षेला बसल्यासारखी. दोघं माझ्या दोन खांद्यांमागे. मी ऊन लावलं, ग्रॅनाइट लावला, चित्र सुरू केलं. ते हळूहळू भरत गेलं. मशीन बंद पडलं नाही. मी मनातल्या मनात त्याला विनवत होते, की पड बाबा, एकदाच पड, या दोघांदेखत पड. त्याने माझी लाज राखली नाही.

"मशीन एकदम ओके," मित्र म्हणाला. "युजर एरर." मग बिरडं-भात जेवून, "वहिनी, हाताला चव आहे हां तुमच्या," असं आईंच्या स्वयंपाकाबद्दल मला सांगून तो गेला.

युजर म्हणजे मी. जेवणानंतर नवऱ्याने आवाज मऊ केला. त्याचा हा आवाज मला ओरडण्यापेक्षा जास्त बोचतो. "हे बघ, बाईंना फोन करून सांग, यावेळी जमणार नाही. मशीन नवीन आहे, तुला सवय नाही. आपण नंतर शांतपणे शिकू."

"आपण?" मी म्हटलं. "माझं अर्धं आयुष्य या कामात गेलं आणि तुम्ही मला माउस धरायला शिकवणार?"

"मग आमच्यासमोर कसं चालतं? सांग ना."

मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. खरं सांगते, त्या क्षणी मला स्वतःचीच शंका यायला लागली होती. असेलही, दाबत असेन काहीतरी. मी बाईंचा नंबर काढायला फोन हातात घेतला.

"ती काय दाबत नाय."

आई. उंबऱ्याशी बसून उरलेले मोडाचे वाल कोमट पाण्यात सोलत होत्या. मुलाच्या शब्दापुढे त्यांनी माझी बाजू घेतल्याचं मला आठवत नाही. आमचं वाईट नाही, पण मुलगा तो मुलगा.

"आई, तुला काय कळतं त्यातलं?" नवरा म्हणाला.

"कळत नाय. पन मी हितं बसते ना रोज. ती हात मांडीवर ठेवून बसलेली असते, आनि तो मरतो. मी बगितलंय."

"मग आमच्यासमोर का नाही मरत?"

आई विचारात पडल्या. त्यांना तारखा लक्षात राहत नाहीत. त्यांना दिवस आठवतो तो त्या दिवशी काय शिजलं यावरून. मामेसासऱ्यांचं लग्नसुद्धा त्या 'वांग्यात मीठ जास्त पडलं ते लग्न' म्हणून सांगतात. तशाच त्या बोटांवर मोजत एकेक दिवस मागे गेल्या.

"पयल्यांदा गेला तवा वाल बांदलेलं होतं. रातीला तू उगडलास तवा चालला. तवा बिरडं. दुसऱ्या दिशी बी तेच. मग आपन दोन दिस मेथी खाल्ली, भेंडी खाल्ली, तवा काय झालं नाय. मग मी वाल बांदलं, परत गेला. चाचा आलं, बिरडं, चालला. आज तुजा दोस्त आला, बिरडं..."

त्या थांबल्या. पाण्यातला हात तसाच पाण्यात राहिला. त्यांनी हातातल्या वालाकडे बघितलं, मग टेबलावरच्या उघड्याबोडक्या कॉम्प्युटरकडे. उठल्या, पदराला हात पुसले आणि तळवा कॉम्प्युटरच्या डोक्यावर, जाळीवर धरला. माझं चित्र अजून चालूच होतं.

"हितून गरम वारा येतो," त्या म्हणाल्या. "हे त्याचं नाक हाय. मी त्यावर थाळी ठेवते."

आईंना गप्प बसता आलं असतं. वाल आता पाण्यात होते, कव्हर खुर्चीवर पडलं होतं, त्यांचं नाव कुठेच आलं नव्हतं. उलट त्याच म्हणाल्या, "माजंच हाय हे."

नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. ती थाळी प्रत्येक वेळी स्वतःच्या हातांनी उचलून, स्वतःच्या आईच्या हातात देऊन, मग तो बिघाड शोधायला बसत होता.

पण तो पडला कंटेनरवाला. म्हणाला, "पुरावा पाहिजे." मी चाललेलं चित्र पुरं होऊ दिलं, पेन ड्राइव्हवर घेतलं आणि पेन ड्राइव्ह ब्लाउजमध्ये ठेवला. आईंनी रात्रीसाठी भिजवलेले वाल निथळले, फडक्यात बांधले, थाळीत ठेवले, थाळी जाळीवर. वरून निळं कव्हर, पुढचा पडदा वर. मी देवघराचं चित्र लावलं आणि आम्ही तिघं खुर्च्या ओढून समोर बसलो.

आता मेला बंद पडेना. चित्र भरत चाललं. आईंनी हात जोडले. मी चहा टाकला, उकळला, गाळला, तरी तो चालूच. नवऱ्याने घसा साफ केला. "हे बघ, मी म्हणत होतो..." आणि पडदा काळा.

मी टाळ्या वाजवल्या. अगदी उभी राहून. आईंनीही वाजवल्या, ओल्या हातांनी. नवरा कॉम्प्युटरला "शाब्बास" म्हणाला आणि मग आपण काय म्हणालो ते कळून कानकोंडा झाला. मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. काम अजून बाकीच होतं, पण मी वेडी नव्हते.

त्या दिवशी संध्याकाळी पोळ्या नवऱ्याने बाहेरून आणल्या आणि ओट्यापाशी आई उभ्या राहिल्या. कॉम्प्युटर उघडा, धुळीला सामोरा, न थांबता चालला. सोमवारी सुतार पोचायच्या आत चित्रं बाईंच्या मोबाइलवर होती, प्रत्येकाखाली माझं नाव. त्यांचा फोन आला. "ओट्यावरचं ऊन मला आवडलं," त्या म्हणाल्या. "सुताराला पाठवतेय." त्यांनी पुढे फडताळांविषयी बरंच काही विचारलं, पण माझं लक्ष 'पाठवतेय' या शब्दापाशीच राहिलं.

पुरचुंडी परत सेट-टॉप बॉक्सवर गेली आणि वालांचे नखरे पुन्हा सुरू झाले. निळं कव्हर आईंनी फाडून टाकायला काढलं होतं. मी म्हटलं, "ठेवा, मशीन बंद केल्यावर घालू." आता ते माझं काम संपलं की त्या स्वतः घालतात, आणि घालण्याआधी नाकावर हात धरून गार झालंय का बघतात.

त्याच सोमवारी संध्याकाळी मित्राचा फोन आला. नवरा फोन घेऊन बाल्कनीत गेला, पण आमची बाल्कनी केवढीशी, सगळं ऐकू येतं. "हो रे, चालू झालं," तो म्हणत होता. "काही नाही, एक लूज कनेक्शन होतं. मला सापडलं."

आई पोळपाट तसाच ठेवून, पिठाच्या हातांनी बाल्कनीच्या दाराशी गेल्या.

"लूज कनेक्शन कसलं? माजं वाल होतं, सांग त्याला. आनि तिनं काय दाबलं नव्हतं, ते पन सांग. तो जेवून म्हनून गेलाय ना, तिचीच चूक म्हनून? मग त्यालाच सांग."

नवऱ्याने फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. जाऊ द्या, राहू द्या, असं मी म्हणावं अशी त्याची अपेक्षा होती. नेहमी मी म्हणते. या वेळी मी कॉम्प्युटरवर फडताळाच्या दाराला कडी काढत बसले, मान वर न करता.

त्याने हात काढला. "ऐक," तो म्हणाला, "लूज कनेक्शन नव्हतं. तुझ्या वहिनीचं काही चुकलं नव्हतं." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं, कारण नवरा अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "हो. वाल. बिरड्याचे. तू खाल्लेस ते."